विषादाचे शब्द आणि आशेचा शब्द

आंग्ल ग्रंथकार जॉन टोल्किन यांनी स्वकल्पनेने भाषा निर्माण केल्या, हे पुष्कळांस ठाऊक आहे. त्या भाषांत विषादासाठी शब्द कोठून आले, हे जाणण्यास त्यांचे चरित्र पाहावे, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म १८९२ साली ब्लूमफाँटेन येथे झाला. ते चार वर्षांचे असता पितृछत्र हरपले. १९०० साली मातोश्री मेबल यांनी काथोलिक धर्मसभेत प्रवेश केला; त्यामुळे आप्तांनी साहाय्याचा हात आखडता घेतला. १९०४ साली त्या मधुमेहाने निवर्तल्या. पोरक्या दोघा मुलांचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी पत्करिले. पुढे १९१६ साली टोल्किन सोमच्या रणात होते. त्याच वर्षी त्यांचे दोन जिवलग मित्र धारातीर्थी पडले.

इतका काळोख पाहिलेल्या पुरुषाने त्यास नावे दिली यात नवल ते काय? त्यांच्या क्वेन्या भाषेत दाट छाया ती 'हुइने'. सिंदारिन भाषेत काळोखी रात्र ती 'फुइन', आणि शोकाश्रू ते 'निर्नाएथ'. परंतु आशेसाठीही त्यांनी दोन शब्द योजिले. 'अमदिर' म्हणजे शुभचिन्हे पाहून वाटणारी आशा. 'एस्तेल' म्हणजे चिन्ह एकही दिसत नसता केवळ निर्मात्याच्या भरवशावर धरिलेली आशा. मेबल यांनी मुलांस ठेविलेला वारसा हाच नव्हे काय?

१९७३ साली टोल्किन प्रभूच्या विश्रांतीत गेले. या महोत्सवप्रसंगी श्रद्धेखातर सोसलेल्या आपापल्या मातांचे स्मरण करून वाचकांनी तो दुसरा शब्द हृदयी धरावा, ही आमची नम्र विनंती.