माताबालकांचा कैवारी

इग्नाझ सेमेलवाइस यांचा जन्म १८१८ साली हंगेरीतील बूडा नगरात झाला. १८४६ साली ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतिविभागाचे साहाय्यक झाले. तेथील एका प्रसूतिगृहात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात सूतिकाज्वराने दगावणाऱ्या माता पुष्कळच अधिक असत. तान्ही बाळेही दगावत. हे कोडे त्यांना स्वस्थ बसू देईना.

१८४७ साली शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून त्यांचे स्नेही कोलेचका मरण पावले. त्यांच्या देहातही मृत माता व अर्भके यांच्याच रोगाची चिन्हे आढळली. शवांना स्पर्श केलेले हातच रोग्यांच्या रक्तात विष कालवितात, हे सेमेलवाइस यांनी ओळखले. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम त्यांनी घालून दिला. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मातांचे मृत्यू जुलैत शेकडा २ हून कमी झाले.

तथापि अनेक नामवंत वैद्यांना आपलेच हात दोषी आहेत, हे मानवले नाही. १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात, जखम चिघळून रक्त दूषित झाल्याने, सेमेलवाइस निवर्तले. पुढे रोगजंतूंचे ज्ञान झाले आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात बाळाला स्पर्श करण्यापूर्वी हात स्वच्छ करणे, हा आज पहिला नियम आहे.