पंडिता रमाबाई

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन नावाची एक संस्था आहे. निराधार स्त्रिया व अनाथ मुले यांना ती शंभराहून अधिक वर्षे आश्रय देत आली आहे. या संस्थेच्या संस्थापिका म्हणजे पंडिता रमाबाई. मृत्यूने ज्यांचे घर पुनःपुन्हा रिते केले, त्यांनीच पुढे सहस्रावधी अनाथांसाठी घर उभारले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे, सह्याद्रीच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी त्या काळची रूढी असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करला. लक्ष्मीबाईंनी तेच विद्याधन आपल्या कन्येस दिले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत गावोगाव हिंडत असे. लहानग्या रमेला भागवतातील हजारो श्लोक मुखोद्गत झाले होते.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे धन संपले, भांडीकुंडीही विकली गेली. झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ साली प्रथम वडील व थोड्याच अवधीत आई निवर्तली. आईची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसेही मिळेनात. तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाईंनीच त्या भाराचा वाटा उचलला. उंची कमी असल्याने तो त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. त्यानंतर थोरली बहीणही गेली. उरली दोघे बहीणभावंडे.

ती दोघे पायी प्रवास करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या अर्पण केल्या. परंतु १८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी रमाबाईंचा विवाह झाला. मनोरमा ही कन्या झाली. तिचे वय एक वर्षाचेही नव्हते, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने पतीचाही अंत झाला. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई पुन्हा एकाकी झाल्या.

व्रते केली, उपवास केले, दानधर्म केला. तरी दुःख का टळत नाही, हा प्रश्न त्यांच्या मनाला कधीपासून जाळीत होता. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती. येशूची ओळख त्यांना तीतून झाली. पतिनिधनानंतर त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथील ख्रिस्ती भगिनी मायेने शुश्रूषा करीत असलेल्या पाहून त्यांचे अंतःकरण हेलावले. पतितांना जवळ करणारा येशू त्यांना आपला वाटला, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

स्वदेशातील अनेकांना हे रुचले नाही. रमाबाईंवर कठोर टीका झाली. तथापि लुगडे, शाकाहार आणि मराठी भाषा यांचा त्यांनी अखेरपर्यंत त्याग केला नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढले व पुढे ते पुण्यास नेले. परंतु चित्ताला पूर्ण शांती नव्हती. बुद्धीला पटलेला धर्म १८९१ च्या सुमारास त्यांच्या हृदयात उतरला. ईश्वर आपल्याला सोडून गेलेला नाही, हा विश्वास त्यांच्या ठायी दृढ झाला.

या विश्वासाची कसोटी लवकरच लागली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. अस्थिपंजर झालेल्या मुली पाहताच रमाबाईंना आपले बालपण आठवले. त्यांनी सुमारे तीनशे मुलींना केडगावी आणले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या दीड हजारांवर गेली. त्यांना अन्नवस्त्र तर मिळालेच, शिवाय शिक्षण, शेती, विणकाम व छपाई यांचे ज्ञानही मिळाले. अंध मुलींना वाचावयास शिकविण्यात आले.

उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. छपाईचे काम आश्रमातील स्त्रियाच करीत. हे कार्य चालू असतानाच, जुलै १९२१ मध्ये, त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा निवर्तली. एकुलत्या एका कन्येच्या वियोगाचे दुःख उरात ठेवून वृद्ध माता भाषांतराचे काम करीतच राहिली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंची प्राणज्योत मालवली.

माता, पिता, बहीण, भाऊ, पती आणि कन्या या सर्वांचे मरण रमाबाईंनी पाहिले. दुःख त्यांना टाळता आले नाही. पण त्या दुःखाने त्यांचे मन कडवट झाले नाही. भुकेने मरणाऱ्या मुलीत त्यांना आपली बहीण दिसली, आणि तिला हात देण्याचे बळ त्यांना त्यांच्या श्रद्धेने दिले.