मोसंबीवरची बुरशी आणि फ्लेमिंग

गेवराईकडची मोसंबी घरात पिशवीत आठवडाभर पडून राहिली, की एखादीला बुरशी लागतेच. आधी पांढरा ठिपका, मग हिरवी भुकटी. साल जिथं खरचटलेली असते तिथून ती आत शिरते आणि शेजारच्या फळांनाही पकडते. या बुरशीचं घराणं पेनिसिलियम. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका बुरशीमुळं अलेक्झांडर फ्लेमिंगचं नाव जगभर झालं.

फ्लेमिंग ६ ऑगस्ट १८८१ ला स्कॉटलंडमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. सात वर्षांचा असताना वडील गेले. पुढं लंडनला येऊन त्यानं जहाज कंपनीत चार वर्षं कारकुनी केली. काकाच्या वारशातून थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठं १९०१ मध्ये सेंट मेरीज हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात शिरला.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यानं जखमा सडून मरणारे सैनिक पाहिले. खोल जखमेत ओतलेली जंतुनाशकं जंतूंपेक्षा शरीराच्या पांढऱ्या पेशींनाच जास्त मारतात, हे त्यानं दाखवून दिलं. पण ऐकतो कोण!

सप्टेंबर १९२८. सुट्टीवरून परतला तर टेबलावर जंतू वाढवलेल्या काचेच्या बशा तशाच पडलेल्या. (आवराआवरीत गडी यथातथाच; आपल्या होस्टेलवर शोभला असता.) एका बशीत बुरशी उगवली होती आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळले होते. दुसऱ्या कुणी ती बशी सरळ धुवून टाकली असती. यानं ती जपली आणि १९२९ मध्ये शोधनिबंध लिहिला.

पण बुरशीच्या रसातून औषध वेगळं काढणं त्याला काही जमलं नाही. ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केलं. १९४१ मध्ये त्यांचा पहिला रुग्ण, एक पोलीस, बरा होत आला होता. औषध संपलं. त्याच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा टोचलं, तरी तो गेला. मग अमेरिकेत सडक्या खरबुजावर जास्त पेनिसिलिन देणारी बुरशी सापडली, आणि मोठमोठ्या टाक्यांत हवा सोडून, ढवळून ती वाढवायचं काम इंजिनिअर लोकांनी तडीस नेलं. तेव्हा मित्रांनो, बुरशी लागलेली मोसंबी म्हणजे औषध नव्हे, ती फेकूनच द्या!

१९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल मिळालं. डोस अपुरा पडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतील, हे फ्लेमिंगनं त्या भाषणातच बजावलं. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या रूममेटला देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

११ मार्च १९५५ ला तो लंडनमध्ये वारला. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागलं.