बाबा आमटे आणि पाठीचं दुखणं : सोसण्यापलीकडचा धडा

बाबा आमटे म्हटलं की आनंदवन आठवतं. पण त्यांच्या आयुष्यातली कित्येक वर्षं पाठीच्या दुखण्यासोबत गेली, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. वकिली सोडून ते कुष्ठरुग्णांच्या सेवेत आले आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळरानावर साधनाताईंसोबत त्यांनी आनंदवन उभं केलं. पुढे मणक्यांची झीज इतकी वाढली की त्यांना बसताच येईना. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. तरीही १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेत निघाले. सोबतचे तरुण सायकलींवर होते, बाबा गाडीत आडवे होऊन प्रवास करत होते. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा झाली. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं.

तुमच्यासाठी यात काय?

बाबांनी दुखणं नाकारलं नाही. शरीराला जे झेपेल त्याप्रमाणे कामाची पद्धत बदलली. हे घ्यावं; निमूट सोसणं मात्र घेऊ नये. अंधेरी असो वा मुलुंड, घरातल्या आजी ‘वयाचं दुखणं’ म्हणून गप्प राहतात, तिथेच निदान हुकतं.

बाबांचा आजार झिजेचा होता. हाडं ठिसूळ झाल्याने मणका दबतो, तो आजार वेगळा. बादली उचलताना, रिक्षाच्या धक्क्याने किंवा नुसत्या शिंकेनेही पाठीत अचानक कळ येते. उंची कमी होते, पाठीला बाक येतो. एक्स-रेमध्ये दबलेला मणका दिसतो, फ्रॅक्चर ताजं आहे का हे एमआरआयने कळतं आणि हाडांची घनता डेक्सा तपासणीने.

उपचार

बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत ओसरतं. वेदनाशामक औषधं, थोडे दिवस विश्रांती, गरजेपुरता पट्टा आणि फिजिओथेरपी एवढ्यावर भागतं. महिनाभर अंथरुणाला खिळू नका. त्याने स्नायू आणि हाडं आणखी कमजोर होतात. मणक्यात सिमेंट भरण्याची प्रक्रिया मोजक्याच रुग्णांना लागते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ती लुटुपुटुच्या प्रक्रियेपेक्षा सरस ठरली नव्हती, म्हणून निर्णय विचारपूर्वक घ्या.

दुखणं थांबलं म्हणजे आजार संपला असं नाही. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडं बळकट करणारं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू ठेवलं नाही, तर पुढचा मणका दबण्याचा धोका राहतो.

लगेच डॉक्टरांकडे जा

पायांत अशक्तपणा किंवा बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, ताप आला, वजन घटत असेल किंवा पूर्वी कॅन्सर झाला असेल, तर वाट पाहू नका.