साष्टीचे पाद्री थॉमस स्टीफन्स

गोमंतकाच्या दक्षिण भागांत साष्टी नांवाचा महाल आहे. मुंबईजवळच्या साष्टीशीं त्याचा घोंटाळा करूं नये. मडगांव, राचोल, कुंकळ्ळी हीं ह्या महालांतील गांवें होत. चारशें वर्षांपूर्वीं एका इंग्रज गृहस्थानें येथें आपलें उभें आयुष्य घालविलें आणि प्रभु येशूचें चरित्र मराठी ओव्यांत रचिलें. ते रोमी पंथाचे होते व आपण प्रॉटेस्टंट आहों; तरी मराठींत प्रभूचें नांव गाणाऱ्या आपणां सर्वांचे ते पूर्वज होत, असें मला वाटतें.

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत बुश्टन गांवीं झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. त्या वेळीं इंग्लंडांत एलिझाबेथ राणीचें राज्य असून रोमी पंथाच्या लोकांचा छळ होत असे. छळ करणारे प्रॉटेस्टंट होते, ही गोष्ट आपण लपवूं नये. स्टीफन्स ह्यांचे मित्र थॉमस पाउंड पकडले गेले, आणि स्टीफन्स देश सोडून रोम शहरीं पोहोंचले. १५७५ सालीं ते तेथें येशूसंघांत, म्हणजे जेझुइट मंडळींत, दाखल झाले. पुढें ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून गलबतांत बसून २४ आक्टोबरास ते गोव्यास उतरले. प्रवासाची हकीकत त्यांनीं बापास पत्रानें कळविली. तें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें. हिंदुस्थानांत कायमची वस्ती करणारा पहिला माहीत असलेला इंग्रज तो हाच. राज्य किंवा व्यापार मिळविण्यास तो आला नव्हता.

परंतु ज्यांच्या गलबतांतून ते आले, ते पोर्तुगीज राज्य मिळविण्यासच आले होते. आपल्या जालना जिल्ह्यापर्यंत त्यांचा अंमल कधीं पोहोंचला नाहीं, म्हणून थोडी माहिती देतों. अल्बुकर्क ह्या सरदारानें १५१० सालीं विजापूरच्या आदिलशहापासून गोवें शहर जिंकलें. १५४३ त साष्टी व बारदेश हे महालही पोर्तुगिजांकडे आले. पूर्वेकडील मंडळ्यांची व्यवस्था पोपांनीं पोर्तुगालच्या राजाकडे सोंपविली होती. त्यामुळें व्हाइसरॉय, शिपाई व पाद्री हे तिघे एकाच हाताचीं बोटें झाले. १५६० सालीं इन्क्विझिशन नांवाची धर्मन्यायसभा गोव्यांत स्थापन झाली. १५६७ त साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. त्या धामधुमीच्या वर्षांत लोकांनीं आपल्या मूर्ति नदीपलीकडे आदिलशाही मुलखांत नेल्या. कुशस्थळीचा मंगेश, वेर्ण्याची महालसा व केळशीची शांतादुर्गा हीं दैवतें त्या वेळीं अंत्रुज महालांत गेलीं, आणि आजही तेथेंच आहेत. देवळांच्या जमिनींचें उत्पन्न मिशनाच्या कामास लावण्यांत आलें.

ज्या प्रभूनें पेत्रास तरवार म्यानांत घालावयास सांगितलें, त्याच्या नांवानें हें झालें. स्टीफन्स ह्यांचें घर, त्यांचें विद्यालय, त्यांचा छापखाना हीं सर्व ह्याच सत्तेच्या आश्रयानें चाललीं. त्यांचें चरित्र सांगतांना हें गाळतां येत नाहीं.

१५८० त स्टीफन्स ह्यांस गोव्यांत दीक्षा मिळाली व साष्टींत पाठविण्यांत आलें. त्याच सालीं पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली. म्हणजे हा इंग्रज मनुष्य इंग्लंडाच्या हाडवैऱ्याची प्रजा बनून राहिला. तीन वर्षांनीं, १५८३ च्या जुलई महिन्यांत, कुंकळ्ळी गांवच्या लोकांनीं पांच जेझुइटांस ठार मारिलें. अकबर बादशहाच्या दरबारीं राहून आलेले रूदोल्फ अक्वाविवा त्यांपैकीं एक होते. गांवकऱ्यांचा राग देवळें पाडल्याचा होता. पुढें पोर्तुगिजांनीं त्या भागांतील गांवकऱ्यांच्या पुढाऱ्यांना बोलणें करण्याच्या निमित्तानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलाविलें आणि तेथें त्यांची कत्तल केली. रक्तानें भिजलेल्या ह्या जमिनींत स्टीफन्स ह्यांना वचन पेरावयाचें होतें.

त्याच वर्षाअखेरीस राल्फ फिच, न्यूबेरी व त्यांचे दोन सोबती अशा चार इंग्रजांस हेर समजून गोव्याच्या तुरुंगांत टाकिलें. हे एलिझाबेथ राणीचे लोक; स्टीफन्स ह्यांस देश सोडावा लागला तो तिच्याच कायद्यांमुळें. तरी त्यांनीं ह्या कैद्यांसाठीं रदबदली केली आणि ते जामिनावर सुटले.

लोकांची भाषा शिकण्यास स्टीफन्स ह्यांनीं किती श्रम घेतले, हें त्यांच्या ग्रंथांवरून दिसतें. कोंकणीचें व्याकरण त्यांनीं लिहिलें. तें १६४० त छापलें गेलें. कोंकणींतील त्यांची ख्रिस्ती शिक्षणाची प्रश्नोत्तरावलि १६२२ त निघाली. परंतु मोठें काम म्हणजे ख्रिस्तपुराण. त्याच्या आरंभीं असा प्रसंग आहे: साष्टींत एका रविवारीं मुलांस धर्मशिक्षण चाललें असतां एक ब्राह्मण येऊन पाद्रीस म्हणतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही वाचूं देत नाहीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं? उपदेशकांनीं ह्या प्रश्नाजवळ थोडें थांबावें. मनुष्याच्या ओंठांवरून गाणें काढून घेतलें आणि दुसरें दिलें नाहीं, तर तो मुकाच राहील. सत्तेनें मनाई केली होती. मनाईनें पडलेला खड्डा भरण्याचें काम ह्या एकट्या माणसानें अंगावर घेतलें.

सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा व दुसऱ्यांत प्रभूचें चरित्र आहे. भाषा मराठी, मधून मधून कोंकणी शब्द. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. आपल्यांतील कांहींना हें रुचणार नाहीं. पण ऐकणाऱ्या शेतकऱ्याला तें लगेच उमगत होतें, हेंही लक्षांत घ्यावें. मराठी भाषेची थोरवी त्यांनीं जशी गाइली आहे, तशी जन्मानें मराठी असलेल्या थोड्यांनींच गाइली असेल.

एक इच्छा मात्र त्यांची अपुरी राहिली. गोव्यांत छापखाना १५५६ पासून होता, पण टाइप रोमन अक्षरांचे. मलबाराकडे तेथल्या लिपींत पुस्तकें छापलीं गेलीं होतीं. डिसेंबर १६०८ मध्यें स्टीफन्स ह्यांनीं आपल्या संघाच्या रोममधील मुख्यास पत्र लिहून ह्या देशाच्या लिपींतही पुस्तकें निघावींत, अशी विनंति केली. अडचण त्यांनींच सांगितली होती: युरोपांत चोवीस अक्षरांत भागतें, येथें सुमारें सहाशें सांचे पाडावे लागतील. (त्याच १६०८ सालीं आपल्या जालना जिल्ह्यांत जांब गांवीं समर्थ रामदासांचा जन्म झाला, आणि पैठणचे एकनाथ वारून नऊच वर्षें झालीं होतीं. ओवीच्या भरभराटीचा तो काळ.) टाइप कांहीं झाले नाहींत. १६१६ त ख्रिस्तपुराण राचोल येथें रोमन अक्षरांतच छापून निघालें. तीन वर्षांनीं, १६१९ त, साष्टींतील सुमारें चाळीस वर्षांच्या सेवेनंतर स्टीफन्स वारले.

पुराण पुढें १६४९ व १६५४ सालीं पुनः छापलें गेलें व देवळांतून रविवारीं आणि सणांच्या दिवशीं गाइलें जाऊं लागलें. परंतु १६८४ च्या जून महिन्यांत व्हाइसरॉयानें हुकूम काढिला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें. ज्या भाषेंत स्टीफन्स ह्यांनीं प्रभूला गाइलें, ती त्यांच्याच सरकारला नकोशी झाली. हुकूम फसला. कुळंबी, गाबीत, बायका, पोरें आपल्या भाषेंत बोलत राहिलीं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हातानें नकलून ठेवणाऱ्या घरांमुळें. गोव्याहून मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं अशा प्रती जपून ठेविल्या. त्यांवरून जोसेफ सालढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तो पुनः छापविला, पुनः रोमन अक्षरांतच.

तोंपर्यंत नागरी टाइप होऊन शंभर वर्षें उलटलीं होतीं. श्रीरामपूरच्या विल्यम केरी ह्यांनीं १८०५ सालींच मराठी व्याकरण छापलें होतें. पुढें अमेरिकन मराठी मिशनाचे जस्टिन ॲबट ह्यांस लंडन येथील एका संग्रहांत ख्रिस्तपुराणाची नागरींत लिहिलेली जुनी प्रत आढळली व १९२३ त त्यांनीं ती विद्वानांच्या नजरेस आणिली. अखेर १९५६ सालीं पुण्यांत शांताराम बंडेलू ह्यांनीं सबंध ग्रंथ नागरी अक्षरांत छापून काढिला. रोमला पाठविलेल्या त्या पत्रास तेव्हां ३४८ वर्षें झालीं होतीं.