पं. विष्णू नारायण भातखंडे : सतारीच्या पडद्यांपासून दहा थाटांपर्यंत



आपल्या बीडमध्येही आता वाढदिवसाला गिटार मागणारी मुलं भेटतात. गिटार घरी येते, मोबाइल बघून शिकणं सुरू होतं आणि पंधरा दिवसांत तक्रार येते, की तार दाबली तर सूर निघत नाही, नुसती खरखर होते किंवा बद्द आवाज येतो. मग घरात निकाल लागतो: याच्या हातात संगीत नाही. असा निकाल लावण्याआधी मुलांना भातखंडे यांचं चरित्र सांगून बघा. गायन-वादनाच्या परीक्षांना बसणारी मुलं त्यांना दहा थाटांमुळे ओळखतात. पण हे थाट कुठून आले, ते विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात.

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घर गवयांचं नव्हतं, साधं मध्यमवर्गीय होतं. लहानपणी ते बासरी वाजवत. पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते सतारीकडे वळले आणि वल्लभदास दामुलजी यांच्याकडे शिकू लागले. शाळा-कॉलेज चालूच होतं. म्हणजे पुढे अख्ख्या हिंदुस्थानी संगीताची मांडणी करणाऱ्या या माणसाची सुरुवात आपल्या मुलांसारखीच झाली, शिक्षण सांभाळून डाव्या हाताची बोटं तारेवर ठेवत.

इथं जरा थांबू, कारण मुलांची अडचण इथंच आहे. सतारीच्या दांडीवर जे पडदे असतात, त्यांनाच गिटारवाले फ्रेट म्हणतात. नवशिक्याला वाटतं, सूर बोटातून निघतो, म्हणून तो जीव खाऊन दाबतो. खरं तर बोटाचं काम फक्त तार पडद्याला नीट टेकवायचं असतं. वाजणारी तार त्या पडद्यापाशी सुरू होते आणि घोडीपाशी संपते. बोट पडद्याच्या लगेच मागे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला अगदी जवळ असलं, की थोड्या दाबात सूर स्वच्छ येतो. बोट दोन पडद्यांच्या मधोमध पडलं तर जास्त जोर लागतो, आणि तो कमी पडला की तार पडद्यावर थरथरून खरखरते. बोट थेट पडद्यावर चढलं तर आवाज दबतो. गिटारवर आणखी एक भानगड होते. बोट आडवं पडलं तर शेजारची तार मुकी होते. म्हणून बोट कमानीसारखं वाकवून टोकानं दाबायचं, डाव्या हाताची नखं कापलेली ठेवायची, अंगठा दांडीच्या मागे. सगळ्या तारा एकदम छेडण्यापेक्षा एकेक वाजवून कोणती खरखरते ते शोधायला लावा. बोटं सुरुवातीला दुखतातच. काही आठवड्यांत टोकं घट्ट होतात. आणि एवढं करूनही जमलं नाही तर वाद्य जाणकाराला दाखवा. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर मोठ्या माणसाचंही बोट हरतं, लेकराला कशाला बोलायचं?

सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, ते सरकवता येतात. वेगवेगळ्या रागांसाठी पडदे मागेपुढे करून जी रचना लावतात, तिला सतारिये पूर्वीपासून थाटच म्हणत. भातखंडे यांनी पुढे रागांच्या वर्गीकरणासाठी हाच शब्द घेतला. पाठ करायला दिलेल्या बिलावल, कल्याण, खमाज या नावांमागे दांडीवरचे पडदे आहेत, हे वर्गात जरूर सांगा.

1884 मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. पारशी रसिकांनी काढलेली ही संस्था. तिथं रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदं आणि अली हुसेन खाँ, विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल त्यांनी घेतले. 1887 मध्ये कायद्याची पदवी मिळवून वकिली सुरू केली. 1900 मध्ये पत्नी गेली, 1903 मध्ये मुलगी गेली. त्यानंतर वकिली सुटली आणि उरलं ते संगीत.

पुढचा काळ प्रवासाचा. 1904 मध्ये ते दक्षिणेत गेले. तिथं व्यंकटमखींच्या 72 मेळांची पद्धत त्यांनी अभ्यासली. 1907 च्या प्रवासात ते हैदराबादला गेले. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्याच राज्यात होता, हे मुलांना नकाशावर दाखवता येईल. तिथं त्यांना अप्पा तुळशी हे विद्वान भेटले, त्यांनी पुढे भातखंडे यांचा विचार संस्कृत ग्रंथांतून मांडला. पण सगळीकडे असं स्वागत होत नसे. पुष्कळ उस्ताद घराण्याबाहेर चीज देत नसत, आणि देणारेही कारण सांगत नसत. भातखंडे यांचा स्वभावही काही मवाळ नव्हता. ज्यांच्याकडून शिकले त्या खाँसाहेबांच्या शास्त्रज्ञानाबद्दल त्यांनी फार कडक लिहिलं आहे, कधीकधी अन्यायकारकही. ते मुलांपासून लपवू नये. त्याच उस्तादांच्या कंठात या चिजा पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या होत्या.

जुन्या ग्रंथांत त्यांना हवी असलेली गोष्ट सापडली. अहोबल, श्रीनिवास या ग्रंथकारांनी वीणेच्या तारेची लांबी मोजून स्वरांच्या जागा सांगितल्या होत्या. समजा तार 36 इंचांची आहे. मोकळी वाजवली की सा. बरोबर निम्म्यावर, 18 इंचांवर, वरचा सा. 27 इंच वाजती ठेवली की मध्यम, 24 इंचांवर पंचम. सूर ऐकण्याची गोष्ट आहेच, पण ती मोजताही येते. भातखंडे यांना याचं महत्त्व फार वाटलं, कारण मोजलेलं कुणालाही सांगता येतं.

हे घरच्या गिटारवर करून बघा. नेहमीच्या मोठ्या गिटारची वाजती तार साधारण 65 सेंटीमीटर असते. खुंट्यांकडच्या पट्टीपासून मोजा: बारावा पडदा 32.5 सेंटीमीटरवर येईल, मोकळ्या तारेच्या बरोबर वरचा सा. पाचवा पडदा साधारण 16.3 वर, तो मध्यम. सातवा साधारण 21.6 वर, तो पंचम. जुन्या हिशोबाशी फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. गिटारचे पडदे पक्के ठोकलेले, बारा सारख्या स्वरांतरांच्या हिशोबानं, म्हणून तेवढा फरक. पाचवी-सहावीच्या अपूर्णांकांचा याहून चांगला तास मला तरी माहीत नाही.

1909-10 पासून ग्रंथ येऊ लागले. संस्कृतमधलं ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ त्यांनी चतुर पंडित या नावानं लिहिलं. ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ मात्र आपल्या मराठीत, चार भागांत, तीही गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून. शिष्य शंका विचारतो आणि गुरू कारण देतो. आपल्या धंद्यातल्या माणसांनी एकदा तरी चाळावी अशी ही पुस्तकं आहेत. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांनी अठराशेच्या आसपास चिजा सोप्या स्वरलिपीत छापल्या. त्यात जयपूरच्या आशिक अली खाँ यांच्या घराण्यातल्या चिजाही आल्या.

1916 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती त्यांच्याच खटपटीतून. 1918 मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं, 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. तेच आज भातखंडे यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. घराण्यात जन्मलेला नाही असा कुणीही मुलगा किंवा मुलगी तिथं वर्गात बसून संगीत शिकू लागली.

1933 मध्ये अर्धांगवायू आणि मांडीचं हाड मोडणं अशी दोन्ही संकटं आली, तेव्हापासून ते अंथरुणाला खिळले. 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचं निधन झालं. क्रमिक मालिकेचा शेवटचा भाग त्यानंतर छापून आला.