लोंब्रोझोची कवटी

गुन्हेगार जन्माला येतो की परिस्थिती त्याला घडविते, हा वाद जुनाच आहे. तो वैद्यकाच्या दालनात आणून बसविला चेझारे लोंब्रोझो या इटालियन डॉक्टरने.

१८३५ साली व्हेरोना येथे एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. पाव्हिया येथे वैद्यकाची पदवी घेऊन तो सैन्यात डॉक्टर झाला. सैनिकांच्या शरीरांची मोजमापे घ्यावीत, त्यांच्या अंगावरील गोंदण टिपून ठेवावे, हा छंद त्याला तेथेच जडला. पुढे मनोरुग्णांवर उपचार करीत असता व्हिलेला या दक्षिण इटलीतील दरिद्री कैद्याची कवटी त्याच्या हाती आली. तिच्या मागील भागात आतल्या बाजूस एक खळगा होता. असा खळगा कनिष्ठ प्राण्यांत आढळतो. तेव्हा गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीच्या वाटेवर मागे राहिलेला आदिमानव होय, असे अनुमान त्याने बांधले. १८७६ मध्ये या सिद्धान्तावरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तुरिनच्या या प्राध्यापकाचे नाव युरोपभर गाजू लागले.

लोंब्रोझो निर्दय नव्हता. केवळ गुन्ह्याकडे न पाहता गुन्हेगार माणसाचा अभ्यास करावा, हा त्याचा आग्रह मोलाचाच होता. पण जो जन्मतःच गुन्हेगार, त्याला सुधारणार तरी कसे? अशा माणसाला समाजापासून कायमचे दूर ठेवावे, याच निष्कर्षाशी त्याचे शास्त्र येऊन ठेपले.

चूक मोजमापात नव्हती, तुलनेत होती. तुरुंगात जी लक्षणे दिसतात ती तुरुंगाबाहेरच्या सामान्य माणसांत किती आढळतात, हे त्याने काटेकोरपणे तपासले नाही. निकृष्ट आहारावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना होणाऱ्या पेलाग्रा रोगाचा त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. दारिद्र्य शरीरावर कसे उमटते हे ज्याने जवळून पाहिले, त्यालाच कैद्याच्या चेहऱ्यावर ते ओळखू आले नाही! उत्तरायुष्यात त्याने जन्मजात गुन्हेगारांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावर आणले आणि सामाजिक कारणांनाही स्थान दिले. १९०९ मध्ये तो निवर्तला. इंग्लंडमधील चार्ल्स गोरिंग याने सुमारे तीन हजार कैद्यांची तपासणी करून १९१३ मध्ये दाखवून दिले, की गुन्हेगारांची अशी वेगळी शारीरिक जात नाही.

ही समजूत एकट्या लोंब्रोझोची नव्हती. त्याच्या ग्रंथापूर्वीच, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविणारा कायदा केला होता. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड जन्मलेल्या मुलाचा अपराध एवढाच, की तो विशिष्ट आईच्या पोटी आला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही.

आज कवटीची जागा जनुकाने घेतली आहे. २००९ मध्ये इटलीतीलच त्रिएस्ते येथील न्यायालयाने आरोपीच्या जनुकांचा विचार करून त्याची शिक्षा एक वर्षाने कमी केली. स्वभावात आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कोणतेही जनुक चोरी वा खून करावयास लावीत नाही. आज सवलतीसाठी दाखविलेला पुरावा उद्या कायमच्या कोठडीसाठीही दाखविता येईल.

व्हिलेलाची कवटी जेथे आहे, त्या तुरिनच्या संग्रहालयात लोंब्रोझोचा सांगाडाही त्याच्याच इच्छेनुसार ठेवलेला आहे. वर्गातल्या एखाद्या पोरावर मुळातच वाईट म्हणून शिक्का मारण्यापूर्वी त्या दोघांची आठवण व्हावी.